एका खुर्चीचा हिशोब

एक फोटो आहे. १९४८ सालचा, ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीतला. सूट घातलेले एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ एका टेबलाशी बसलेत. उघड्या दारातून पलीकडचा वर्ग दिसतोय आणि त्या वर्गात गोरी मुलं-मुली बसलेली आहेत. गृहस्थांचं नाव पटावर आहे, शिकवलेलं त्यांना ऐकू येतंय. फक्त खुर्ची बाजूच्या खोलीत आहे.

ह्यांचं नाव जॉर्ज मॅक्लॉरिन. पेशाने शिक्षक. आयुष्यभर इतरांना शिकवून झाल्यावर शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करावी म्हणून त्यांनी अर्ज केला. ओक्लाहोमात तेव्हा काळ्या आणि गोऱ्यांना एकत्र शिकवणं हा गुन्हा होता. म्हणजे अगदी कायद्याच्या पुस्तकातला गुन्हा. अशी संस्था चालवणाऱ्याला १०० ते ५०० डॉलर दंड, आणि प्रत्येक दिवस हा नवा गुन्हा. शिकवणाऱ्या मास्तरला वेगळा दंड, वर्गात बसणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्याला आणखी वेगळा. फेडरल कोर्टाने सांगितलं की प्रवेश नाकारणं घटनेत बसत नाही. मग युनिव्हर्सिटीने प्रवेश दिला आणि ही खुर्ची मांडली.

खुर्चीवर भागलं नाही. लायब्ररीत त्यांच्यासाठी पोटमाळ्यासारख्या मधल्या मजल्यावर एक टेबल, नेहमीच्या वाचनकक्षात बसायचं नाही. कॅंटीनमध्ये टेबल वेगळं आणि जेवायची वेळही वेगळी. खटला वरच्या कोर्टात गेला तसे नियम थोडे थोडे सैल होत गेले. त्यांना वर्गात घेतलं, पण भोवती कठडा आणि कठड्यावर 'कलर्ड लोकांसाठी राखीव' अशी पाटी. मग कठडा गेला, राखीव ओळ राहिली. जेवायची वेळ एक झाली, टेबल वेगळंच राहिलं. रांगेत उभं असताना वर्गमित्रांशी गप्पा मारल्या तर चालतील, ताट घेऊन बसलं की वेगळं बसायचं! हे सगळं ठरवायला कुठेतरी मीटिंगा झाल्या असणार, कोणीतरी टिपणं काढली असणार, कठड्यासाठी सुताराला पैसे दिले असणार. मला त्या मीटिंगांचं फार कुतूहल वाटतं.

हा फोटो बघितल्यावर मराठी माणसाला साताऱ्याची शाळा आठवल्याशिवाय राहत नाही. लहानग्या भीमरावाला वर्गात वेगळं बसावं लागे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. पुढे १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षं बाबासाहेब न्यू यॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून त्यांच्या चळवळीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तर हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. पण आजची गोष्ट तिथलीच आहे, तेव्हा तिकडे वळू.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक वाक्प्रयोग आहे: 'वेगळं पण समान'. १८९२ मध्ये लुइझियानात होमर प्लेसी नावाचा माणूस गोऱ्यांच्या रेल्वेच्या डब्यात जाऊन बसला. मुद्दाम, खटला व्हावा म्हणून. गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की प्लेसीच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच आफ्रिकन वंशाचं होतं. रंगावरून कळायला मार्ग नव्हता, आपण काळे आहोत हे त्यालाच सांगावं लागलं. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डबे वेगळे असायला हरकत नाही, सोयी समान असल्या की झालं. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात होते.

वंश ही किती विचित्र व्याख्या आहे ह्याचं आणखी एक उदाहरण देतो, मग पुढे जाऊ. ओक्लाहोमाच्या राज्यघटनेत सरळ लिहिलं होतं: आफ्रिकन वंशाचे ते सगळे 'कलर्ड', आणि बाकी उरलेले सगळे 'गोरे'. म्हणजे त्या शब्दांप्रमाणे पुण्याहून गेलेला एखादा कुलकर्णी किंवा कांबळे तिथे कायद्याने गोरा ठरला असता! त्याच देशाच्या सुप्रीम कोर्टाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वासाठी 'गोरा' नाही असा निकाल दिला होता. एकाच माणसाचा रंग कोणत्या खिडकीपाशी उभा आहे त्यावर बदलायचा.

असो. तर 'वेगळं पण समान'. आपल्या भाषेत सांगायचं तर हे एक स्पेसिफिकेशन आहे. त्यात दोन अटी आहेत आणि दक्षिणेतली राज्यं पन्नास वर्षं फक्त पहिली पाळत होती. हे हेरलं चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन ह्या वकिलाने. हा माणूस आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. पहिल्या महायुद्धात अधिकारी, मग हार्वर्डमध्ये कायद्याचं शिक्षण, तिथल्या लॉ रिव्ह्यूच्या संपादक मंडळावर गेलेला पहिला कृष्णवर्णीय. नंतर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत त्याने लॉ स्कूलचा कायापालट केला. त्याचा एक विद्यार्थी बाल्टिमोरहून रोज येऊन-जाऊन करायचा, कारण घराजवळच्या मेरीलँडच्या लॉ स्कूलमध्ये काळ्यांना प्रवेश नव्हता. त्या विद्यार्थ्याचं नाव थर्गुड मार्शल. पुढे, १९६७ मध्ये, तो सुप्रीम कोर्टाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश झाला.

ह्यूस्टनची चाल साधी होती. 'वेगळं' वर हल्ला करायचा नाही, 'समान' चा हट्ट धरायचा. इतका, की वेगळं ठेवणं सरकारला परवडणार नाही. आणि सुरुवात प्राथमिक शाळांपासून करायची नाही, लॉ स्कूलपासून करायची. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत काळ्यांसाठी सरकारी लॉ स्कूल नव्हतंच, त्यामुळे 'समान आहे की नाही' हा वादच उरत नव्हता: एकीकडे एक, दुसरीकडे शून्य. विद्यार्थीही मोजके, त्यामुळे गोऱ्या पालकांचा भडका उडण्याची शक्यता कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चांगलं लॉ स्कूल म्हणजे काय हे न्यायाधीशाला कोणी समजावून सांगावं लागत नाही, तो स्वतः तिथूनच आलेला असतो. (मला हे फारच आवडलं. क्लायंटला ज्याची स्वतःला सवय आहे तोच डेमो दाखवायचा.)

१९३५-३६ मध्ये ह्यूस्टन आणि मार्शलने मेरीलँडचं तेच लॉ स्कूल डोनाल्ड मरे नावाच्या विद्यार्थ्यासाठी उघडून घेतलं. मार्शलला त्या विजयात किती समाधान मिळालं असेल!

मग मिझुरी. लॉइड गेन्स हा हुशार पदवीधर, मिझुरी युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलने त्याला नाकारलं. राज्याचं म्हणणं, शेजारच्या राज्यात जाऊन शिका, फी आम्ही भरतो. डिसेंबर १९३८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वतःची जबाबदारी दुसऱ्या राज्यावर ढकलता येणार नाही, जे द्यायचं ते स्वतःच्या हद्दीत द्या. राज्याने काय करावं? गेन्सला प्रवेश द्यायच्या ऐवजी सेंट लुईमध्ये एक नवं लॉ स्कूल काढलं, एका जुन्या ब्यूटी कॉलेजच्या इमारतीत. हे स्कूल समान नाही हे ह्यूस्टन कोर्टात दाखवणारच होता. पण १९ मार्च १९३९ च्या संध्याकाळी शिकागोत गेन्स 'स्टॅम्प घेऊन येतो' म्हणून बाहेर पडला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. पळून गेला की मारला गेला, आजतागायत कळलेलं नाही. अर्जदारच नाही म्हटल्यावर खटला संपला. २००६ मध्ये मिझुरी युनिव्हर्सिटीने त्याला कायद्याची मानद पदवी दिली.

ओक्लाहोमाने तर कमाल केली. आडा लोइस सिपुएल ह्या तरुणीच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने १२ जानेवारी १९४८ ला निकाल दिला, आणि काही दिवसांत राज्याने तिच्यासाठी लॉ स्कूल 'तयार' केलं. राज्याच्या विधानभवनातल्या काही खोल्या, तीन वकील शिक्षक म्हणून, झालं लॉ स्कूल. आडा तिथे गेली नाही. दीड वर्षाच्या आत ते दुकान बंद झालं आणि १९४९ मध्ये तिला खऱ्या लॉ स्कूलमध्ये घ्यावं लागलं. तिथे तिची खुर्ची शेवटच्या ओळीच्याही मागे, 'कलर्ड' अशी पाटी लावलेली. तिचा खटला ज्या संचालक मंडळाविरुद्ध होता, त्याच मंडळावर १९९२ मध्ये तिची सदस्य म्हणून नेमणूक झाली.

आता टेक्सस. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरा मुद्दा इथेच आहे.

हेमन स्वेट हा ह्यूस्टन शहरातला (वकील ह्यूस्टनचा आणि ह्या गावाचा संबंध नाही, नावं सारखी) पोस्टमन. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याने ऑस्टिनला जाऊन टेक्सस युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलसाठी अर्ज दिला. युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष होते थिओफिलस पेंटर. त्यांनी राज्याच्या महाधिवक्त्याला कळवलं की हा उमेदवार पात्र आहे, अडचण एवढीच की तो निग्रो आहे. हे पेंटरसाहेब मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. १९२३ मध्ये त्यांनी माणसाची गुणसूत्रं मोजून ४८ असल्याचं जाहीर केलं होतं, आणि तीस वर्षांहून जास्त काळ जगभरच्या पुस्तकांत ४८ च छापलं जात होतं. १९५६ मध्ये कळलं की ती ४६ आहेत. मोजण्याच्या गोष्टीत मोजायला चुकलेला माणूस प्रतिवादी म्हणून यावा, हा निव्वळ योगायोग, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही :)

खालच्या कोर्टाने राज्याला सहा महिन्यांची मुदत दिली. टेक्ससने ऑस्टिनमध्येच विधानभवनाजवळ एका इमारतीच्या तळघरात काळ्यांचं लॉ स्कूल उघडलं. शिक्षक टेक्सस युनिव्हर्सिटीचेच, येऊन शिकवून जाणार. स्वेटने नाव घातलं नाही. मग ह्यूस्टनला नवी युनिव्हर्सिटी काढून तिथे कायमचं लॉ स्कूल सुरू केलं. खटला सुप्रीम कोर्टात पोचला तोवर दोन्ही बाजूंचे आकडे असे होते: टेक्ससच्या लॉ स्कूलमध्ये १६ पूर्णवेळ आणि ३ अर्धवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५,००० हून जास्त पुस्तकं. काळ्यांच्या स्कूलमध्ये ५ पूर्णवेळ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, सुमारे १६,५०० पुस्तकं.

आता कोणीही चलाख सरकारी वकील म्हणेल, विद्यार्थ्यांमागे प्राध्यापक बघा, विद्यार्थ्यांमागे पुस्तकं बघा, आमचं नवं स्कूल उलट भारी आहे! आणि भागाकार केला तर ते खरंच आहे. २३ पोरांमागे पाच प्राध्यापक म्हणजे चैन. डॅशबोर्डवर सगळं हिरवं.

५ जून १९५० ला स्वेट आणि मॅक्लॉरिन, दोन्ही खटल्यांचा निकाल एकाच दिवशी लागला. दोन्ही एकमताने, दोन्ही सरन्यायाधीश व्हिन्सन ह्यांनी लिहिलेले. स्वेटच्या निकालात कोर्टाने आकडे मांडले, त्यात टेक्ससचं स्कूल वरचढ आहे असं सांगितलं, आणि मग म्हटलं की ह्याहून महत्त्वाच्या आहेत त्या मोजता न येणाऱ्या गोष्टी. संस्थेचं नाव, माजी विद्यार्थ्यांचं वजन, परंपरा, प्राध्यापकांची कीर्ती. आणि सोबत कोण बसतं ते. काळ्यांच्या स्कूलमधून टेक्ससची ८५ टक्के लोकसंख्या वगळलेली आहे. स्वेटला उद्या ज्या वकिलांशी, ज्युरींशी, साक्षीदारांशी, न्यायाधीशांशी काम पडणार ते बहुतेक सगळे त्या ८५ टक्क्यांत. त्यांच्यापासून तोडून कोणाला वकिली शिकवता येणार?

ज्यांनी नावाजलेल्या कॉलेजातून डिग्री घेतली त्यांना हे वेगळं सांगायला नको. सिलॅबस कुठेही तोच असतो. पुढे दहा वर्षांनी नोकरी बदलताना फोन कोणाला करता येतो, हा त्यातला मोठा भाग. आणि ज्यांच्या बॅचमध्ये तसा फोन उचलणारं कोणी नव्हतं, त्यांना तर हे आणखीच नीट माहीत असतं.

मॅक्लॉरिनच्या बाबतीत तर पुस्तकंही तीच, प्राध्यापकही तेच, मोजायला फरकच नव्हता. फक्त खुर्चीची जागा. तरी कोर्ट म्हणालं की चर्चा करणं, मतं ऐकणं-मांडणं ह्यातून माणूस आपला पेशा शिकतो आणि तेच हिरावलं जातंय. शिवाय हा माणूस उद्या शिक्षकांना शिकवणार, म्हणजे तोटा त्याच्यापाशी थांबत नाही. त्या निकालात आणखी एक वाक्य आहे ज्यापाशी मी दरवेळी थांबतो. त्याचा आशय असा: निर्बंध काढले तरी वर्गातली मुलं त्यांच्याशी बोलतीलच असं नाही. पण माणसांनी आपणहून न बोलणं वेगळं आणि सरकारने बोलू न देणं वेगळं. कायद्याने आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे इतक्या स्पष्टपणे कबूल केलेलं क्वचित दिसतं.

चार्ल्स ह्यूस्टन हा निकाल बघायला नव्हता. एप्रिल १९५० मध्येच, ५४ व्या वर्षी तो गेला. १९५४ च्या ब्राउन खटल्यात कोर्टाने 'वेगळं पण समान' शाळांमधून मोडीत काढलं तेव्हा ह्याच दोन निकालांचा आधार घेतला. आणि स्वेट? सप्टेंबर १९५० मध्ये तो टेक्ससच्या लॉ स्कूलमध्ये गेला खरा. पण चार वर्षांच्या खटल्याने तब्येत गेली, लग्न मोडलं, आणि पदवी न घेताच १९५२ मध्ये त्याने ते सोडलं. पुढे अटलांटाला समाजकार्याचं शिक्षण घेऊन त्याने आयुष्य त्याच कामात काढलं. आपल्याला सिनेमे बघून सवय झालेली असते की खटला जिंकला म्हणजे माणूस जिंकला.

त्यापुढची पन्नास वर्षं वेगाने घेतो. युनिव्हर्सिट्या प्रवेश देताना वंश विचारात घेऊ लागल्या. १९७८ च्या बाकी खटल्यात कोर्टाने राखीव जागा नाकारल्या, पण वर्गात वेगवेगळी माणसं असणं सगळ्यांच्याच शिक्षणासाठी चांगलं, म्हणून वंश हा एक मुद्दा धरायला वाट मोकळी ठेवली. म्हणजे १९५० चाच 'सोबत कोण बसतं' हा विचार, आता उलट्या बाजूने. १९९६ मध्ये फेडरल अपील कोर्टाने हॉपवुड खटल्यात टेक्ससच्या लॉ स्कूलला (हो, तेच, स्वेटचं) वंशाचा विचार करायला मनाई केली, आणि १९९७ च्या नव्या बॅचमध्ये तिथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी उरले. टेक्ससने पदवी अभ्यासक्रमांसाठी मग दुसरी युक्ती काढली: प्रत्येक हायस्कूलच्या पहिल्या दहा टक्के मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत हमखास प्रवेश. ह्यातून काळी आणि हिस्पॅनिक मुलं येतात, कारण टेक्ससची कित्येक हायस्कुलं अजूनही जवळजवळ एकाच वंशाची आहेत. तोडगा चालतो तो मूळ बग शाबूत असल्यामुळे.

२९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीविरुद्ध निकाल देऊन प्रवेशात वंशाचा असा विचार करणं जवळपास बंद केलं. निकाल मोठा आहे, पण माझं लक्ष एका युक्तिवादाने वेधलं. युनिव्हर्सिट्या म्हणत होत्या की विविधतेमुळे उद्याचे नेते घडतात, विचारांची देवाणघेवाण होते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले, हेतू चांगले आहेत, पण ते मोजायचे कसे? पुरेसे नेते घडले हे कोर्टाला कळणार कधी? १९५० मध्ये जी गोष्ट मोजता येत नव्हती म्हणून सगळ्यात वजनदार ठरली, तीच ७३ वर्षांनी मोजता येत नाही म्हणून निकालात निघाली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या लोकांच्या जवळची आहे. हार्वर्डविरुद्धची तक्रार आशियाई वंशाच्या मुलांच्या वतीने होती. मार्क, अभ्यास सगळं उत्तम, पण 'व्यक्तिमत्त्व' ह्या रकान्यात हार्वर्ड त्यांना सरासरीने कमी गुण देत होतं, हे खटल्यात समोर आलं. २०१९ मध्ये खालच्या कोर्टाने ह्यात जाणूनबुजून भेदभाव नाही असं ठरवलं. मला त्या रकान्याने अस्वस्थ केलं. मोजता न येणारी गोष्ट दार उघडायला वापरता येते तशी हळूच लोटून घ्यायलाही. माझ्या मते स्वेटच्या निकालातला फरक असा की तिथे कोर्ट कोणाच्या व्यक्तिमत्त्वाला गुण देत नव्हतं, संस्थेला देत होतं. रॉबर्ट्सना हा फरक दिसायला हवा होता असं मला वाटतं. माझे काही मित्र ह्याच्या अगदी उलट मताचे आहेत आणि त्यांच्यापैकी दोघांची मुलं सध्या तिकडे अकरावी-बारावीत आहेत, तेव्हा वाद घालताना मी आवाज जरा खालीच ठेवतो.

त्याच निकालात एक तळटीप आहे, चार नंबरची. त्यात म्हटलंय की लष्करी अकादम्यांबद्दल आम्ही इथे काही ठरवत नाही, त्यांचे हेतू वेगळे असू शकतात. सरकारने सांगितलं होतं की सैनिक सगळ्या रंगांचे आणि अधिकारी बहुतेक एकाच रंगाचे असले की पलटणीत काय होतं ते व्हिएतनाममध्ये बघून झालंय. म्हणजे तिथे मोजमापाचा प्रश्न तूर्त बाजूला राहिला. २०२५ मध्ये नव्या सरकारने स्वतःच आदेश काढून अकादम्यांमधलंही ते बंद केलं.